गावावरून खाली उडणारी हेलिकॉप्टरं : ओळख, नोंद आणि अर्ज

डीजेच्या आवाजाची तक्रार कुठे करायची हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आभाळातून येणाऱ्या आवाजाचं तसं नाही. पोलीस ठाण्यात फोन केला तर "ते आमच्याकडे येत नाही" असं उत्तर मिळतं. तहसीलला गेलं तर "वरून परवानगी असेल" म्हणतात. ग्रामपंचायतीत विषय निघाला तर अर्धा तास चर्चा होते आणि चहाबरोबर संपते. यात सगळा दोष कार्यालयांचाच असतो असं मला वाटत नाही. "हेलिकॉप्टर फार खाली उडतं, त्रास होतो" एवढ्यावर कारकून तरी काय करणार? अर्ज कोणाकडे पाठवायचा हेच त्याला कळत नाही. कोणाचं विमान, केव्हा, किती उंचीवर आणि गावाला नेमकं काय हवं, एवढं अर्जात असलं की तोच कागद योग्य टेबलावर पोचतो.

आधी ओळख पटवा

आपण सरसकट हेलिकॉप्टर म्हणतो त्यातलं बरंच काही हेलिकॉप्टर नसतंच. धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर, शिरपूरजवळच्या तांडे इथल्या धावपट्टीवर आणि जळगावच्या विमानतळावर वैमानिक घडवण्याचं प्रशिक्षण चालतं. एका इंजिनाची छोटी विमानं धावपट्टीला चाकं टेकवतात, लगेच उठतात, वळसा घेऊन परत येतात. वैमानिक मंडळी या वळशाला सर्किट म्हणतात. तो साधारण १००० फुटांवरून आणि ठरलेल्या बाजूनंच घेतला जातो. तुमचं गाव नेमकं त्या वळशाखाली आलं तर एकच विमान सकाळभर पुन्हा पुन्हा डोक्यावरून जातं, आणि गावाला वाटतं विमानांची रांगच लागली.

आवाजात फरक असतो. छोट्या विमानाचा आवाज एकसारखा घरघरणारा, लांबच्या ट्रॅक्टरसारखा. हेलिकॉप्टरच्या आवाजात ठोके असतात. दोन पात्यांचं हेलिकॉप्टर असेल तर 'थप थप' असे सुटे ठोके ऐकू येतात, जास्त पात्यांचं असेल तर ते एकमेकांत मिसळतात. अवजड हेलिकॉप्टर दिसण्याआधी घरावरचे पत्रे थरथरतात.

खरी ओळख पटते ती मार्गावरून. गोल गोल फिरत असेल तर प्रशिक्षण. हाय टेन्शनच्या मनोऱ्यांना धरून सरळ चाललं असेल तर वीजवाहिनीची पाहणी. नांगरटीच्या तासांसारख्या समांतर रेषा मारत असेल आणि खाली दोरीला लांबट डबा किंवा मोठं कडं लटकत असेल तर भूगर्भाचं सर्वेक्षण. एकदाच थेट येऊन शाळेच्या नाहीतर कॉलेजच्या मैदानावर उतरलं तर पुढारी, किंवा हल्ली नवरदेवसुद्धा. आणि हिरवट रंगाचं, दोन-तीनच्या गटात, सातपुड्याच्या कडेकडेनं जाणारं असेल तर बहुधा लष्कराचं. नाशिकच्या गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टर वैमानिक शाळा आहे. तिथली चीता आणि चेतक हेलिकॉप्टरं सरावासाठी लांबवर जातात, आणि खाली उडणं हा त्या शिक्षणाचाच भाग असतो.

नागरी विमानाच्या अंगावर व्हीटी आणि पुढे तीन अक्षरं लिहिलेली असतात. मोटारसायकलच्या नंबरप्लेटसारखीच ती त्याची नोंदणी. त्या अक्षरांवरून मालक शोधता येतो, कारण नोंदणीची यादी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे असते. फोनच्या कॅमेऱ्यानं फोटो घेण्यापेक्षा व्हिडिओ घ्या आणि नंतर एकेक चौकट थांबवून बघा. पोटाखालची अक्षरं व्हिडिओत जास्त वेळा सापडतात.

फ्लाइटरडार२४ सारखं ॲप उघडून बघायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. ही ॲप्स जमिनीवरच्या रिसीव्हरना मिळणाऱ्या संदेशांवर चालतात. खाली उडणारं विमान डोंगराआड गेलं की संदेश तुटतो. यावल-रावेरच्या वरच्या अंगाला किंवा अक्कलकुवा-धडगावकडे तर पडदा बऱ्याचदा कोराच असतो. लष्करी विमानं सहसा दिसत नाहीत. ॲपवर विमान नाही म्हणजे आभाळात नव्हतं, असं कोणी सांगायला लागलं तर ऐकून घेऊ नका.

ॲपवर दिसलंच तर स्क्रीनशॉट घ्या, पण तिथल्या उंचीच्या आकड्याला फसू नका. तो आकडा समुद्रसपाटीच्या हिशोबानं असतो. धुळे-जळगावकडची जमीनच समुद्रसपाटीपासून दोन-अडीचशे मीटर, म्हणजे सातआठशे फूट वर आहे. ॲपनं १३०० फूट दाखवलं तर विमान तुमच्या गच्चीपासून पाचसहाशे फुटांवरच असू शकतं. शिवाय त्या दिवशीच्या हवेच्या दाबानं आकडा काहीशे फूट इकडेतिकडे होतो.

उंची मोजायची युक्ती

"अगदी झाडाला टेकून गेलं" या वाक्याला कार्यालयात किंमत नाही. "साधारण १५० मीटर" याला आहे. आणि ते शाळकरी पोराच्या फूटपट्टीनं काढता येतं.

फूटपट्टी हात ताठ करून डोळ्यासमोर धरा. डोळ्यापासून पट्टीपर्यंतचं अंतर दोरीनं एकदा मोजून घ्या. मोठ्या माणसाचं ते ६० सेंटिमीटरच्या आसपास भरतं. विमान बरोबर डोक्यावर आलं की त्याची रुंदी पट्टीवर किती सेंटिमीटर दिसते ते बघा. प्रशिक्षणात नेहमी दिसणाऱ्या सेसना १७२ विमानाच्या पंखांची रुंदी ११ मीटर असते. चीता आणि चेतक या दोन्ही हेलिकॉप्टरांच्या फिरत्या पात्यांचं वर्तुळही ११ मीटरचंच आहे, त्यामुळे एकच हिशोब तिन्हींना चालतो. पट्टीवर ४.४ सेंटिमीटर दिसलं तर विमान १५० मीटरवर आहे. २.२ दिसलं तर ३०० मीटरवर. सूत्र सोपं आहे: विमानाची खरी रुंदी मीटरमध्ये घ्या, तिला डोळ्यापासून पट्टीपर्यंतच्या अंतरानं (सेंटिमीटरमध्ये) गुणा आणि पट्टीवर दिसलेल्या सेंटिमीटरनं भागा.

इथे एक खाचखळगा आहे. एमआय-१७ या अवजड हेलिकॉप्टरच्या पात्यांचं वर्तुळ २१ मीटरहून थोडं जास्त आहे. ते ३०० मीटरवरून गेलं तरी पट्टीवर चीता १५० मीटरवर असल्यासारखंच दिसतं, आणि आवाज तर त्याहून मोठा. म्हणून विमान कोणतं हे कळल्याशिवाय उंची लिहू नका. विमान बाजूनं गेलं असेल तर पट्टी तिरकं अंतर दाखवते, उंची नाही. अशा नोंदीपुढे 'तिरकं' असं लिहून ठेवा. दहा-वीस मीटरची चूक होणारच. अर्जात 'अंदाजे' हा शब्द घालायला लाजू नका, त्यानं अर्ज कमजोर होत नाही. उलट ठाम आकडा देऊन तो खोटा ठरला तर बाकीच्या खऱ्या नोंदीही वाया जातात.

नियम काय म्हणतो

नजरेनं मार्ग बघत उडणाऱ्या विमानांसाठी, म्हणजे प्रशिक्षणाची आणि बहुतेक हेलिकॉप्टरं ज्या पद्धतीनं उडतात त्यासाठी, किमान उंची ठरलेली आहे. दाट वस्तीवरून जाताना ६०० मीटरच्या परिघातल्या सगळ्यात उंच अडथळ्याच्याही वर ३०० मीटर, म्हणजे १००० फूट. इतरत्र जमिनीपासून १५० मीटर, म्हणजे ५०० फूट. उतरताना, उठताना किंवा खास परवानगी असेल तेव्हा ही अट लागू नाही. हा अपवाद नीट समजून घ्या, कारण तुमचं गाव धावपट्टीच्या तोंडाशी असेल तर तिथून खाली जाणारं विमान नियम मोडत नसतं. तिथे नियमभंगाची तक्रार न करता मार्ग आणि वेळेची विनंती करावी लागते.

सूर्यास्तानंतर असं नजरेवरचं उड्डाण साधारणपणे करता येत नाही. विमानतळाच्या नियंत्रण कक्षानं मोकळीक दिलेली स्थानिक आणि प्रशिक्षणाची उड्डाणं एवढाच अपवाद. त्यामुळे धावपट्टीपासून लांबच्या गावावरून रात्री कोणी खाली घिरट्या घालत असेल तर ती नोंद दिवसाच्या नोंदीपेक्षा महत्त्वाची. मात्र आधी ते ड्रोन नाही ना, हे बघून घ्या. ड्रोनला वेगळे नियम आहेत, २०२१ चे. साध्या क्षेत्रात त्याची मर्यादा १२० मीटर आहे आणि तक्रार थेट पोलीस ठाण्यात होते.

आवाजाच्या नियमांचा आधार घ्यायचा मोह होतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती त्या वेळेतली सरासरी असते. हेलिकॉप्टर अर्ध्या मिनिटात जातं आणि बाकीचा तास गाव शांत असतो, म्हणून सरासरी मर्यादेत बसते. फोनवरच्या डेसिबल ॲपचा आकडा अर्जाला जोडा हवा तर, पण त्यावर अर्ज उभा करू नका. शाळा किंवा दवाखान्यावरून रोज सतत सर्किट चालत असेल तरच प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जळगाव किंवा धुळ्याच्या कार्यालयाला मोजणीची विनंती करण्यात अर्थ आहे.

न्यायालयात जाण्याची भाषा गावात लवकर सुरू होते. १९३४ च्या विमान कायद्यात कलम १७ होतं: वाजवी उंचीवरून विमान गेलं एवढ्याच कारणावरून अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दावा चालत नाही. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आला आहे, तेव्हा दाव्याचा विचार असेल तर वकिलाकडून नवा कायदा वाचून घ्या. माझं मत विचाराल तर दाव्याच्या वाटेला जाण्याआधी अर्जाची वाट पुरी चालून बघावी.

नोंदवही कशी ठेवायची

एकट्यानं हे काम होत नाही. गावाच्या व्हॉट्सॲपवर "आभायमा काय फिरी ऱ्हायनं भो?" असे संदेश तसेही येतातच. त्यालाच वळण लावा. वेगळा गट करा. वरच्या आळीतला एक, मळ्यातला एक, शाळेजवळचा एक, नदीकाठचा एक असे सात-आठ जण घ्या. नियम एकच: विमान दिसलं की "उनं" (म्हणजे आलं) एवढंच टाकायचं, पुढे आपली जागा. वेळ फोन आपोआप नोंदतो, त्यावर नंतर वाद होत नाही. चार ठिकाणांहून एकामागोमाग "उनं" आलं की विमानाचा मार्गही हाताशी येतो. तो गावाच्या नकाशावर काढता येतो. गुड मॉर्निंग आणि फुलांचे फोटो टाकणाऱ्याला या गटात घेऊ नका.

रोज संध्याकाळी एकानं ते वहीत उतरवायचं. नोंद अशी दिसते:

"सकाळी ७.१०. मारुती मंदिराच्या वरून, पूर्वेकडून पश्चिमेला. छोटं पांढरं विमान, एक पंखा. पट्टीवर ३ सेंमी, म्हणजे अंदाजे २२० मीटर. पुन्हा ७.१६, ७.२३, ७.२९ ला तेच. वारा पश्चिमेचा. व्हिडिओ आहे."

वाऱ्याची दिशा आवर्जून लिहा. विमानं वाऱ्याला तोंड देऊन उठतात आणि उतरतात, त्यामुळे वारा फिरला की धावपट्टीचं वापरातलं टोक बदलतं आणि तुमच्या गावाची सुटका होते किंवा संकट वाढतं. पावसाळ्यात त्रास आणि हिवाळ्यात शांतता, किंवा उलट, असं का होतं याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. ऊनही लिहा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा हवा विरळ होते, इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. तेच विमान डिसेंबरात जितकं उंच चढून गावावर येतं, तितकं मे महिन्यात चढू शकत नाही. थंडीच्या पहाटेचं कारण वेगळं: जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वाकतो. तापीकाठच्या गावांना हिवाळ्यात सकाळचं विमान जास्त जवळ आल्यासारखं वाटतं ते म्हणूनच. ही कारणं तुम्ही बोलून दाखवलीत की समोरचा प्रशिक्षक तुम्हाला टाळत नाही, असा माझा अनुभव आहे.

व्हिडिओसाठी ग्रामपंचायतीच्या कामांचे फोटो काढतात तोच जीपीएस मॅप कॅमेरा वापरा. तारीख, वेळ आणि जागा चित्रावरच छापून येते. चौकटीत मोबाईल टॉवर, पाण्याची टाकी, देवळाचा कळस असं काहीतरी स्थिर येऊ द्या. लष्करी हेलिकॉप्टरचे व्हिडिओ मात्र फेसबुकवर टाकू नका. नोंदीपुरते ठेवा.

सलग तीन आठवड्यांची वही पुरेशी होते. त्यात शांत दिवसही लिहा. रोज फक्त त्रासच लिहिलेली वही बघून कोणाचाही विश्वास बसत नाही.

कोणाकडे जायचं

प्रशिक्षणाचं विमान असेल तर पहिली पायरी सरकारी नाहीच. त्या संस्थेच्या मुख्य उड्डाण प्रशिक्षकाला किंवा सुरक्षा अधिकाऱ्याला भेटा. सरपंच, एक शिक्षक, एक दूध किंवा कोंबडीवाला, असे तिघं-चौघं पुरेत. ट्रॅक्टरभर माणसं नेली की गेटवरच बोलणं संपतं. वही आणि नकाशा सोबत न्या. सर्किट दुसऱ्या बाजूनं घेणं, वळण अर्धा किलोमीटर अलीकडे-पलीकडे करणं, सकाळी ठरावीक वेळेआधी गावाच्या बाजूला न येणं, दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत शाळा टाळणं, या गोष्टी बऱ्याचदा त्यांच्या हातात असतात. तरुण वैमानिकांना अनेकदा माहीतच नसतं की खाली कोंबड्यांची शेड आहे. एका गावाजवळच्या संस्थेत आमच्या माणसांना पहिल्या वेळी दारातूनच परत पाठवलं होतं. दुसऱ्या वेळी वही दाखवली तेव्हा खुर्च्या आल्या.

जळगाव विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे, तिथला अर्ज विमानतळ संचालकांच्या नावानं. त्यानं काम झालं नाही तर डीजीसीएचं मुंबईतलं पश्चिम विभागीय कार्यालय. कोणत्याही परिस्थितीत एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. ग्रामसभेचा ठराव जोडला तर अर्जाचं वजन वाढतं, पण ठरावात "हवाई वाहतूक बंद करावी" असं लिहू नका. ग्रामसभेला तो अधिकार नाही आणि त्या एका ओळीवर सगळा कागद बाजूला पडतो.

अर्जाचा मजकूर असा ठेवता येईल:

"विषय : मौजे ........ गावठाण व शाळेवरून कमी उंचीवर होणाऱ्या उड्डाणांचा मार्ग व वेळ बदलण्याबाबत.

महोदय, दि. ........ ते ........ या काळात आमच्या गावावरून झालेल्या उड्डाणांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. त्यांपैकी ........ वेळा विमान अंदाजे १५० मीटर किंवा त्याहून खाली होते. विमानाचा नोंदणी क्रमांक (दिसला तेवढा) : ........ . मार्ग नकाशावर दाखवला आहे. गावात ........ विद्यार्थ्यांची शाळा व ........ पक्ष्यांचे कुक्कुटपालन शेड आहे. आमची विनंती अशी की (१) उड्डाणमार्ग गावाच्या उत्तरेकडील मोकळ्या शिवारावरून ठेवावा, (२) सकाळी ७ च्या आत गावावरून उड्डाण टाळावे, (३) सर्वेक्षण किंवा विशेष उड्डाण असल्यास ग्रामपंचायतीस आधी कळवावे. केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी मिळावी."

मागण्या तीनच ठेवा, आणि त्यातली एक तरी समोरच्याला सहज मान्य करता येईल अशी असू द्या. 'आधी कळवावे' ही ती. बहुतेक गावांचं समाधान तेवढ्यानंही होतं, कारण आवाजापेक्षा जास्त छळतं ते अचानकपण. अर्ज आवक-जावक विभागात देऊन पोच घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा.

केंद्र सरकारच्या खात्यांसाठी सीपीग्राम्स पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. २०२४ च्या सूचनांनुसार तिथे २१ दिवसांत निपटारा अपेक्षित आहे. मंत्रालय निवडताना नागरी विमान वाहतूक निवडा. गृह किंवा संरक्षण निवडलं की तक्रार फिरत राहते.

हेलिपॅड गावातच होत असेल तेव्हा

सभा असो, उद्घाटन असो वा लग्न, हेलिकॉप्टर उतरायला जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते. निवडणुकीत ती निवडणूक आयोगाच्या सुविधा पोर्टलवरून मागितली जाते. मंत्र्यांसाठी तात्पुरतं हेलिपॅड बांधकाम खातं तयार करतं. म्हणजे आदल्या दिवशी मैदानावर चुना पडायला लागला की कोणाशी बोलायचं हे उघड आहे: बांधकाम खात्याचे उपअभियंता आणि तहसीलदार.

इथे आवाजापेक्षा पात्यांचा वारा जास्त नुकसान करतो. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत घातलेली असते. तिच्या शेजारी हेलिकॉप्टर उतरलं तर मिरची उडतेच, वर धूळ बसून भाव पडतो तो वेगळा. रावेर-चोपड्याकडे केळीची पानं फाटतात. खळ्यावरची दादर ज्वारी, वेचून ठेवलेल्या कापसाचा ढीग, सैल पत्रे, मांडवाची कनात, सगळं त्या वाऱ्यात येतं. जागा बदलून मागा, आणि ते होत नसेल तर निदान टँकरनं मैदान भिजवून घ्यायला लावा. ते करतातच, फक्त कोणीतरी वेळेवर म्हणावं लागतं. आसपासच्या घरांच्या पत्र्यांचे नटबोल्ट आदल्या दिवशी आवळून घ्या.

नुकसान झालं तर त्याच दिवशी फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहाय्यकांना बोलावून पंचनामा मागा आणि पोलीस ठाण्यात अर्ज द्या. ही नैसर्गिक आपत्ती नव्हे, त्यामुळे अतिवृष्टीच्या मदतीच्या यादीत नाव घालू असं कोणी सांगितलं तर भुलू नका. भरपाई आयोजक किंवा हेलिकॉप्टर कंपनीकडे लेखी मागायची, प्रत तहसीलदारांना.

जनावरं आणि कोंबड्या

गायी-म्हशी पहिले काही दिवस बिथरतात, दावं तोडायला बघतात, नंतर बऱ्याचशा सरावतात. आधी कळलं असेल तर त्या वेळी धारेला बसू नका आणि बैल जोतावर असतील तर कासरा हातात घट्ट ठेवा. ज्यांची जनावरं मोकळ्या रानात चरतात त्यांनी बांधाच्या कडेची विहीर झाकून किंवा कुंपण घालून घ्यावी, कारण बुजलेलं वासरू सरळ तिकडेच पळतं.

कोंबड्या सरावतात की नाही याची वाट बघू नका. ब्रॉयलर पक्षी घाबरला की शेडच्या कोपऱ्याकडे धावतो, बाकीचे त्याच्यावर चढतात आणि खालचे गुदमरून मरतात. नवापूरकडच्या कुक्कुटपालकांना हे सांगायला नको. कोपऱ्यांना पुठ्ठा किंवा पत्रा वाकवून गोलाई द्या, शेडमध्ये जाळीचे आडवे भाग पाडा म्हणजे गर्दी एकाच जागी होत नाही, रात्री मंद दिवा ठेवा. पक्षी मेलेच तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शवविच्छेदन करून घ्या. मृत्यूचं कारण गुदमरणं आहे, आजार नाही, हे कागदावर आलं आणि मृत्यूची वेळ वहीतल्या उड्डाणाशी जुळली, तरच भरपाईची गोष्ट पुढे सरकते. गावातले लोक इथेच चुकतात. दुर्गंधी नको म्हणून सकाळीच खड्डा करतात.

लष्कराचं असेल तर

डीजीसीएचा लष्करी उड्डाणांवर अधिकार चालत नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पाठवायला सांगा आणि भाषा विनंतीची ठेवा. मागणी एकच: शाळा, दवाखाना, कोंबड्यांचं शेड ही ठिकाणं नकाशावर दाखवून ती टाळण्याची. गावातले माजी सैनिक असतील तर अर्जावर त्यांचीही सही घ्या. अशा अर्जाला उत्तर येईलच असं नाही, पण मार्ग बदललेला वहीत दिसू शकतो. म्हणून अर्ज दिल्यावरही नोंदी थांबवू नका.

हे करू नका

लेझर टॉर्च विमानाकडे मारू नका. पोरांना तो खेळ वाटतो, पण वैमानिकाचे डोळे दिपतात आणि खाली आपलंच गाव असतं. विमान जवळून टिपायला ड्रोन वर चढवू नका. गोफण, दगड, दिवाळीतले रॉकेट हे तर सांगायलाच नको, पण सांगावं लागतं.

विमान किंवा हेलिकॉप्टर शिवारात कोसळलं किंवा अचानक उतरलं तर ११२ ला फोन करा. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात वर्डीच्या शिवारात, सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूरहून उडालेलं प्रशिक्षण विमान कोसळलं होतं. तेव्हा सगळ्यांच्या आधी तिथे पोचले ते आसपासचे आदिवासी बांधव, आणि जखमी शिकाऊ वैमानिक मुलीला चिखलाच्या वाटेनं त्यांनीच खाली आणलं. जखमींना बाहेर काढणं आधी. पण विडी-काडी लांब ठेवा, सांडलेल्या इंधनापासून दूर राहा, आणि हेलिकॉप्टरची पाती पूर्ण थांबल्याशिवाय जवळ जाऊ नका, शेपटीकडून तर कधीच नाही. एकही तुकडा हलवू नका, घरी तर नेऊच नका. चौकशीला तो लागतो.

उत्तर आलंच नाही तर

माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा, १० रुपये फी. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही. "आमच्या गावावरून विमानं का उडतात?" असं विचारू नका, 'का'चं उत्तर देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. कागद मागा. जिल्हाधिकारी कार्यालयाकडे: "दि. ........ ते ........ या काळात ........ तालुक्यात हेलिकॉप्टर उतरवण्यास दिलेल्या परवानग्यांच्या प्रती" आणि "दि. ........ च्या आमच्या अर्जावरील टिपणी व पत्रव्यवहाराच्या प्रती". डीजीसीएकडे: "........ या नोंदणी क्रमांकाच्या विमानाच्या चालक संस्थेचे नाव" आणि तुमच्या तक्रारीवर झालेल्या कार्यवाहीचे कागद. खासगी प्रशिक्षण संस्था थेट माहिती अधिकारात येत नाही, पण तिची डीजीसीएकडे असलेली कागदपत्रं तिथून मागता येतात. लष्कराच्या बाबतीत सुरक्षेचं कारण देऊन नकार येईल, तिथे अपिलात वेळ घालवू नका.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे. उत्तरासाठी ३० दिवस. ते आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. केंद्राच्या कार्यालयात पहिल्या अपिलाला फी नाही, महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयात मात्र २० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावावं लागतं.